जेथे वाट नाही

उद्यान हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात फुलांचे ताटवे असतात, रेखीव पायवाटा असतात, मध्यभागी एखादे कारंजे असते आणि प्रवेशद्वारापाशी सूचनांचा फलक असतो. राष्ट्रीय उद्यान म्हटले की या चित्रात वाघ, हरणे आणि ती दाखवीत हिंडणाऱ्या मोटारी यांची भर पडते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही एक राष्ट्रीय उद्यान आहे, की ज्याला प्रवेशद्वार नाही, ज्यात मोटारीचा रस्ता नाही, विश्रामगृह नाही, आणि नवल हे की, उद्यानखात्याने आखलेली एक साधी पायवाटही नाही. त्याचे नाव मात्र ‘गेट्स ऑफ दि आर्क्टिक’, म्हणजे आर्क्टिक प्रदेशाची महाद्वारे, असे आहे. दार नसलेल्या घराला ‘दार’ हेच नाव पडावे, अशी ही गंमत आहे.

हे उद्यान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का या राज्यात आहे. अलास्का हे उत्तर अमेरिका खंडाचे वायव्य टोक. या राज्याच्या उत्तर भागात ब्रुक्स नावाची पर्वतरांग पूर्व-पश्चिम पसरली असून, तिच्या मध्यभागी, संपूर्णपणे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस, हे उद्यान वसले आहे. लगतच्या राखीव क्षेत्रासह त्याचा विस्तार ३४,००० चौरस किलोमीटरांहून अधिक भरतो. आपल्या शेजारच्या गोवा राज्याएवढे नऊ प्रदेश त्यात सहज मावतील. एवढ्या अफाट भूमीवर वर्षाकाठी येणाऱ्या पाहुण्यांची संख्या अलीकडे सुमारे अकरा हजार असते. आपल्याकडील एखाद्या मोठ्या यात्रेत एका सकाळी याहून अधिक माणसे चंद्रभागेत स्नान करतात! येणारे पाहुणे बहुधा लहानशा विमानातून येतात. विमान एखाद्या सरोवरावर किंवा नदीकाठच्या वाळवंटावर उतरते, माणसांना व त्यांच्या सामानाला खाली ठेवते आणि निघून जाते. मग त्या माणसाचे पाय, त्याच्या पाठीवरील शिधा आणि त्याची अक्कल, एवढ्यावरच सारी भिस्त.

हे उद्यान असेच वाटेवाचून राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आज मांडण्याचे कारण असे, की या उद्यानाच्या राखीव क्षेत्रातून एक मोठा रस्ता नेण्याचे घाटत आहे. त्या रस्त्याची हकीकत पुढे येईलच. परंतु रस्ता ज्या भूमीवरून जायचा, ती भूमी कशी आहे हे आधी पाहणे इष्ट होईल.

उद्यानाच्या दक्षिण भागात स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षांची विरळ वने आहेत. उत्तरेकडे जावे तसतसे हे वृक्ष खुजे होत जातात आणि अखेर एका मर्यादेपाशी येऊन थांबतात. त्या पलीकडे झाड म्हणून नाही. केवळ गवत, शेवाळ आणि गुडघ्याएवढी झुडपे. यालाच टुंड्रा म्हणतात. उन्हाळ्यात कित्येक दिवस येथे सूर्य मावळत नाही, तर हिवाळ्यात कित्येक दिवस तो उगवत नाही आणि पारा उणे ४० अंशांच्याही खाली उतरतो. पश्चिमेकडे अरिगेच नावाची शिखरे आहेत. ती काळ्या-करड्या ग्रॅनाइटची असून भिंतीसारखी सरळ उभी आहेत. तेथील मूळच्या लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ पसरलेली बोटे असा होतो, आणि दुरून पाहिले असता एखाद्या महाकाय पुरुषाने आकाशाकडे पंजा उगारावा तशीच ती दिसतात. याच पर्वतांतून नोआटाक, कोबुक, अलाट्ना, जॉन, टिनायगुक आणि कोयुकुकची उत्तर शाखा अशा नद्या वाहतात. या सहाही नद्यांना अमेरिकेच्या कायद्याने मुक्त व वन्य नद्या म्हणून संरक्षण दिलेले आहे.

परंतु या भूमीचे खरे रहस्य शिखरांत नसून पायांखाली आहे. वरची वीतभर-हातभर माती उन्हाळ्यात वितळते, पण तिच्याखालची जमीन हजारो वर्षे गोठलेलीच आहे. पाणी खाली मुरू शकत नाही, म्हणून सखल प्रदेश दलदलीचा बनतो. त्यात गवताचे घोट्याएवढे, गुडघ्याएवढे उंच झुबके उगवतात. त्यांवर पाय ठेवावा तर ते डुलतात, आणि मधल्या फटीत ठेवावा तर पाय चिखलात जातो. पाठीवर ओझे घेऊन अशा भूमीवरून दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे म्हणजे मोठा पराक्रमच मानला पाहिजे. या गोठलेल्या भूमीवर शेवाळ व गवत यांचे जे आच्छादन असते, ते एखाद्या गोधडीप्रमाणे खालच्या बर्फाला उन्हापासून राखते. गोधडी फाटली की बर्फ वितळू लागतो आणि जमीन खचते.

ही काही कल्पनेची गोष्ट नव्हे. १९६८ साली अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर खनिज तेलाचा मोठा साठा सापडला. तेथे अवजड सामान नेण्यासाठी त्याच हिवाळ्यात राज्य सरकारने घाईघाईने या पर्वतांतून, अनाक्टुवुक नावाच्या खिंडीतून, एक रस्ता काढला. त्या वेळचे राज्यपाल वॉल्टर हिकेल यांच्या नावावरून लोक त्यास हिकेल महामार्ग म्हणू लागले. हा रस्ता करताना यंत्रांनी ठिकठिकाणी वरचे शेवाळ खरवडून काढले. हिवाळ्यात वाहने गेली. पण वसंत ऋतू येताच उघडी पडलेली जमीन वितळली आणि रस्त्याच्या जागी चिखलाचा पाट वाहू लागला. थोड्याच काळात तो मार्ग सोडून द्यावा लागला. आज पन्नासहून अधिक वर्षे लोटली, तरी विमानातून पाहणारास त्याचा व्रण अजून दिसतो. आपल्याकडे बैलगाडीची चाकोरी दोन पावसाळ्यांत गवताखाली नाहीशी होते. तेथे तसे होत नाही. म्हणून या प्रदेशात येणाऱ्या प्रवाशांना असे सांगण्यात येते, की एकामागून एक रांगेने चालू नका, परस्परांपासून दूर पसरून चाला. दहा माणसे एकाच रेषेत चालली तर त्यांच्या पावलांनी वाट पडेल. आणि एकदा वाट पडली की पुढचा माणूस तीच धरील. वाट पडू नये म्हणून जपणारे हे बहुधा थोड्याच उद्यानांपैकी एक असेल.

या प्रदेशाला त्याचे नाव दिले ते रॉबर्ट मार्शल नावाच्या एका तरुण वनशास्त्रज्ञाने. उत्तरेकडील शेवटची झाडे कशी वाढतात याचा अभ्यास करावा, म्हणून तो १९२९ साली येथे आला. कोयुकुकच्या उत्तर शाखेच्या काठाने जात असता त्याला नदीच्या दोन्ही बाजूंस दोन उंच पर्वत द्वारपालांसारखे उभे दिसले. त्यांस त्याने आर्क्टिकची महाद्वारे असे म्हटले. पुढे वाइझमन या खाणकामगारांच्या चिमुकल्या वस्तीत तो वर्षभराहून अधिक काळ राहिला, तेथील लोकांवर त्याने एक पुस्तक लिहिले, ते १९३३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या उत्पन्नाचा निम्मा भाग त्याने त्या वस्तीतील लोकांना वाटून दिला. अवघ्या अडतिसाव्या वर्षी, १९३९ साली, मार्शल वारला. परंतु रानाला रान म्हणूनच राहू द्यावे हा त्याचा विचार त्याच्या मागे राहिला. १ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला आणि २ डिसेंबर १९८० रोजी कायद्याने तो राष्ट्रीय उद्यान झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मार्शलला ज्या दऱ्या निर्मनुष्य वाटल्या, त्या वस्तुतः निर्मनुष्य नव्हत्या. या पर्वतांत माणसे हजारो वर्षे शिकार करीत, तळ ठोकीत आणि तळ हलवीत वावरली आहेत. नुनामिउट हे इनुपिआट जमातीतील डोंगरात राहणारे लोक. त्यांचे अन्न, वस्त्र आणि तंबू ही सारी कॅरिबू या प्राण्यापासून मिळत. हे प्राणी दुर्मीळ झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतील पुष्कळ जण समुद्रकिनाऱ्याकडे गेले. पुढे काही कुटुंबे परत आली आणि १९४९ च्या सुमारास अनाक्टुवुक खिंडीत स्थिरावली. आज ते गाव उद्यानाच्या सीमेच्या आत आहे. तेथे शाळा आहे, दुकान आहे, विमानतळ आहे; मात्र बाहेरून गावात येणारा कायमचा रस्ता नाही. आसपासच्या गावांतील लोकांना पोटापुरती शिकार व मासेमारी करण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी रान राखले त्यांनाच रानाबाहेर काढणे हा कसला न्याय? म्हणून या उद्यानास ‘मनुष्याचा स्पर्श न झालेले’ असे जे विशेषण काही लेखक लावतात, ते मला पटत नाही. स्पर्श झाला आहे. पण त्याची खूण राहिली नाही इतका तो हलका झाला आहे.

आता त्या कॅरिबूविषयी. उत्तर युरोपात ज्याला रेनडियर म्हणतात, तोच हा प्राणी. हरणाच्या कुळात सामान्यतः नरालाच शिंगे असतात. कॅरिबूत मादीलाही असतात. त्याचे खूर रुंद असतात, त्यामुळे तो बर्फावर आणि दलदलीवर फारसा रुतत नाही. त्या खुरांनीच तो हिवाळ्यात बर्फ उकरून खालचे शैवाक खातो. शैवाक म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफूल ज्या जातीचे असते त्या जातीचा सजीव. वसंतात माद्या शेकडो किलोमीटर चालून पर्वतांच्या उत्तरेस जातात, जूनच्या आरंभी तेथे त्यांची पाडसे जन्मतात, आणि शरद ऋतूत सारे कळप पुन्हा दक्षिणेकडे, कोबुक नदीच्या पलीकडे उतरतात. या येरझाऱ्यांतून डोंगरउतारांवर ज्या वाटा पडल्या आहेत, त्याच या उद्यानातील वाटा होत. जाणता प्रवासी खिंड शोधताना त्याच वाटा धरतो. पश्चिम आर्क्टिकच्या या कळपात २००३ साली सुमारे ४ लाख ९० हजार प्राणी होते. २०२३ साली ते दीड लाखाच्या आसपास उरले. असे कळप पूर्वीही कमी-अधिक झाले आहेत आणि या घटीस अनेक कारणे असू शकतात. तथापि कळप खंगलेला असताना त्याच्या वाटेत नवा अडथळा उभा करावा काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तो अडथळा म्हणजे अँब्लर रस्ता. उद्यानाच्या नैर्ऋत्येस अँब्लर नावाच्या भागात तांबे, जस्त व कोबाल्ट यांचे साठे आहेत. तेथवर खाणीची वाहने नेण्यासाठी पूर्वेकडील डाल्टन महामार्गापासून सुमारे ३४० किलोमीटर लांबीचा रस्ता करावा, अशी योजना आहे. त्यातील सुमारे ४२ किलोमीटर रस्ता उद्यानाच्या राखीव क्षेत्रातून, कोबुक नदी ओलांडून जाईल. वाटेत अकरा मोठ्या नद्या आणि जवळजवळ तीन हजार लहानमोठे ओढे लागतील. १९८० च्या कायद्यातच या रस्त्यासाठी एक कलम राखून ठेवलेले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या योजनेस नकार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या सरकारने तो निर्णय फिरवून परवानगी दिली.

रस्ता व्हावा असे म्हणणारे लोक काही दुष्ट नव्हेत. त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. विजेच्या तारांना तांबे लागते. तुमच्या वर्गातील दिव्याची तारही तांब्याचीच आहे. कोळसा व तेल कमी जाळायचे असेल तर वीज अधिक लागेल, आणि वीज अधिक म्हणजे तांबे अधिक. शिवाय त्या भागातील गावांत महागाई फार आहे, कारण तेलापासून पिठापर्यंत बरेचसे सामान विमानाने येते. तरुणांना कामे मिळत नाहीत. तेथील मूळच्या लोकांतही एकमत नाही. काहींना या रस्त्यात रोजगार दिसतो, तर अनेक गावांच्या पंचायतींनी त्यास कसून विरोध केला आहे. कारण त्यांच्या ताटातील मांस आणि मासे याच भूमीतून येतात.

हे सारे मान्य करूनही मी रस्त्याच्या विरुद्ध आहे. तांबे पृथ्वीवर इतरत्रही सापडते, आणि वापरलेले तांबे वितळवून पुनःपुन्हा वापरता येते. त्याचा गुण कमी होत नाही. आपल्या घरातील जुनी घागर मोडीत जाते तेव्हा तिचे तांबे मरत नाही, हे तांबटाला विचारले तर तो सांगेल. पण रस्त्यावाचून राहिलेला एवढा विस्तीर्ण प्रदेश मोडीत काढला तर तो कोणत्या भट्टीत पुन्हा घडवावा?

यावर असे उत्तर देण्यात येते, की हा रस्ता केवळ खाणीसाठी आहे, लोकांना तो खुला नसेल, आणि खाण संपली की तो उखडून टाकता येईल. माझा यावर विश्वास बसत नाही. आणि अविश्वासाचे कारण पूर्वेस हाकेच्या अंतरावर आहे. ज्या डाल्टन महामार्गाला हा रस्ता जोडावयाचा, तो १९७४ साली तेलवाहिनीच्या कामासाठी बांधला गेला. त्या वेळी तोही केवळ मालवाहतुकीसाठीच होता. १९९४ साली तो संपूर्णपणे सर्वांस खुला झाला. रस्त्याचा स्वभावच असा आहे. तो एकदा झाला की त्यावर जाणारे निर्माण होतात, आणि जाणारे निर्माण झाले की तो बंद करण्याचे धैर्य कोणत्याच सरकारला होत नाही.

कॅरिबूंनी रस्ता ओलांडून जावे, त्यात अवघड ते काय, असेही कोणी म्हणेल. याच कळपाच्या मार्गात, पश्चिमेकडे, रेड डॉग नावाची जस्ताची खाण आहे आणि तिच्यापासून समुद्रापर्यंत सुमारे ८४ किलोमीटरांचा रस्ता आहे. काही कॅरिबूंच्या गळ्यात यंत्रे बांधून त्यांच्या हालचाली नोंदल्या, तेव्हा असे आढळले की पुष्कळ प्राणी रस्ता लवकर ओलांडतात. परंतु काही मात्र रस्त्यापाशी येऊन दीर्घकाळ थबकतात, मागे फिरतात, कडेकडेने हिंडतात. हिवाळा तोंडावर आला असताना त्यांचे हे दिवस फुकट जातात. ८४ किलोमीटरांनी जर असे होते, तर ३४० किलोमीटरांनी काय होईल, याचा हिशेब करण्यास फार मोठे गणित नको.

आणखी एक युक्तिवाद अधिक कठीण आहे. काही लोक म्हणतात, की हा प्रदेश तसाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. मग एका रस्त्याचे एवढे काय? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे तेथील गोठलेली जमीन आपोआपच वितळू लागली आहे. जमिनीत कोंडलेली लोहयुक्त खनिजे पाणी व हवा यांच्या संपर्कात येऊन ओढ्यांत उतरू लागली आहेत. ब्रुक्स पर्वतरांगेतील किमान ७५ ओढे-नद्यांचे पाणी स्वच्छ होते ते गंजासारखे तांबूस झाल्याचे शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. त्या दऱ्यांत एकही कारखाना नाही, एकही धुराडे नाही. धूर दुसरीकडच्या धुराड्यांतून, मोटारींतून निघाला, आणि त्यात थोडा आपलाही आहे. पण म्हणून काय करावयाचे? घरात एक जण आजारी आहे, त्याअर्थी त्याच्या अंगावर आणखी ओझे टाकण्यास हरकत नाही, असे आपण म्हणत नाही. उलट जमीन वितळते आहे म्हणूनच तिची गोधडी फाडू नये. वितळणाऱ्या भूमीवर रस्ता बांधणे सोपे होत नाही, अवघड होते. तो दरवर्षी खचेल, आणि दरवर्षी नवी खडी टाकावी लागेल.

राहता राहिला तुमच्या मनातील प्रश्न. जे उद्यान इतके दूर आहे, ज्यात जाणे इतके कष्टाचे आहे आणि जे आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीस कधीच पडणार नाही, त्याची चिंता आपण का करावी? मला असे वाटते, की वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून करण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की पाहणे हासुद्धा आपण एक उपयोगच मानतो. अरिगेचच्या बोटांसारख्या शिखरांवर पडणारे अखंड ऊन पाहण्यास कोणी नसते, तेव्हाही ते पडतच असते. लांडगा, अस्वल, पांढऱ्या रानमेंढ्या आणि जूनमध्ये जन्मणारी पाडसे यांना पाहुण्यांची गरज नाही. त्यांना केवळ आडकाठी नसलेली भूमी हवी आहे, आणि अशी भूमी आता जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ती कोणाच्या देशात आहे हा हिशेब येथे गैरलागू आहे.

मात्र त्या गावांतील माणसांच्या कामाधंद्याचा प्रश्न यामुळे सुटत नाही, हे मी जाणतो. तो सोडविण्याची जबाबदारी, रान राखा म्हणून सांगणाऱ्या आमच्यासारख्यांवरही येते. अनाक्टुवुकचे लोक कॅरिबूच्या कातड्याचे सुंदर मुखवटे करतात, ते दूरदूर विकले जातात. वैमानिक, वाटाडे, कळपांची गणना करणारे साहाय्यक, शाळांतील शिक्षक अशी कामे तेथील तरुणांना अधिक संख्येने देता येतील. तेलाची महागाई सरकारला सोसता येईल. एवढा लांब रस्ता बांधण्यास जो पैसा लागेल, त्याचा लहानसा अंश या कामी लावला तरी त्या गावांत पुष्कळ काही उभे राहील. कोबुकच्या काठी शरद ऋतूत लोक आजही होड्या तयार ठेवून उत्तरेकडे डोळे लावून बसतात, आणि अलीकडे कळप येण्यास उशीर होऊ लागला आहे.